लाल औषध आणि त्याचं इवलंसं पाकीट

‘नॅनो-औषध थेट गाठीत जातं’ असं आपण सारखं वाचतो. हे ‘थेट’ आलं कुठून, ते आज सांगतो.

डॉक्सोरुबिसिन नावाचं एक लालभडक औषध आहे. इटलीतल्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून ते मिळालं. १९७०च्या दशकात ते कॅन्सरवर वापरात आलं. गाठी आटायच्या, पण हृदय कमजोर व्हायचं. म्हणून एका पेशंटला आयुष्यभरात ते किती द्यायचं, याला मर्यादा आली. गाठ शिल्लक आणि औषध बंद. विचार करा!

पाकीट मात्र आधीच सापडलं होतं. १९६०च्या दशकात केंब्रिजजवळ अ‍ॅलेक बँगहॅम यांना दिसलं, की पेशींच्या आवरणातले स्निग्ध पदार्थ पाण्यात टाकले की आपोआप गोल पिशव्या बनवतात. याच त्या लायपोसोम.

जेरुसलेममध्ये बॅरेनहोल्झ आणि गॅबिझॉन या दोघांनी लाल औषध या पिशव्यांत भरायला घेतलं. पण लिव्हरमधल्या पेशी पिशव्या गिळून टाकायच्या. मग बाहेरून पॉलिइथिलीन ग्लायकॉलचा थर दिला आणि पिशव्या रक्तात कित्येक दिवस टिकल्या.

आता गंमत बघा. पिशवी साधारण १०० नॅनोमीटरची. हृदयाच्या धडधाकट रक्तवाहिन्यांतून ती सहसा बाहेर पडत नाही. गाठीच्या रक्तवाहिन्या मात्र घाईत वाढलेल्या, गळक्या. हा गळकेपणा जपानच्या मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये मांडला. १९९५ मध्ये अमेरिकेत ‘डॉक्सिल’ला परवानगी मिळाली, आधी एड्सच्या पेशंटमधल्या कापोसी सार्कोमा या कॅन्सरसाठी. २०१२ मध्ये तिकडे त्याचा तुटवडा पडला, तेव्हा मुंबईच्या सन फार्माचं ‘लिपोडॉक्स’ मागवावं लागलं.

मग ‘थेट’चं काय? २०१६ मध्ये टोरोंटोच्या संशोधकांनी दहा वर्षांतले प्रयोग तपासले, बहुतेक उंदरांवरचे. टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचलेल्यांचा मध्यक निघाला फक्त ०.७ टक्के!

म्हणजे सगळं फुकट? अजिबात नाही. डॉक्सिलमुळे हृदयाला होणारा धोका बराच कमी झाला. तळहात-तळपाय सोलवटायचा नवा त्रास आला, तरी पेशंटसाठी हे मोठंच. माझ्या मते या औषधाची खरी कमाई नेम धरण्यात नाही, नको तिथे न सांडण्यात आहे. पुढच्या वेळी ‘थेट’ वाचलंत, तर एकच विचारा: किती टक्के, आणि उरलेलं गेलं कुठे?

भेटू पुढच्या भागात!