फॉरमॅट करण्यापूर्वी दुरुस्ती करून पाहा

घरचा संगणक वारंवार अडू लागला, की ‘फॉरमॅट करा’ असा सल्ला हमखास मिळतो. मात्र त्यात साठवलेली छायाचित्रे व कागदपत्रेही पुसली जातात. बिघाड विंडोजच्या सिस्टिम फाइल्सपुरताच असेल, तर त्या दुरुस्त करता येतात.

प्रथम महत्त्वाच्या फाइल्सची प्रत पेन ड्राइव्हवर घ्यावी. विंडोज १० किंवा ११ मध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून पुढील आज्ञा इंग्रजी अक्षरांत क्रमाने द्याव्यात:

१) डीआयएसएम /ऑनलाइन /क्लीनअप-इमेज /रिस्टोअरहेल्थ – इंटरनेटवरून निर्दोष फाइल्स मिळवते.
२) एसएफसी /स्कॅननाऊ – सदोष फाइल्स बदलते.

तपासणी १०० टक्के होईपर्यंत विंडो बंद करू नये. नंतर संगणक पुन्हा सुरू करावा. तोच बिघाड पुन्हा उद्भवल्यास हार्ड डिस्क तपासून घ्यावी.