फॉन्ट कन्व्हर्टरची कुळकथा

शेगावात लग्नपत्रिका छापायची म्हटली की माथ्यावर 'श्री गजानन महाराज प्रसन्न' बहुधा असतेच. डीटीपीवाल्याकडे ते मॅटर जुन्या कृतिदेव फॉन्टमध्ये असले आणि तेच उचलून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकले, तर 'गजानन'च्या जागी एक्स, टी, के, यू, यू अशी पाच रोमन अक्षरे उमटतात. मग हे मॅटर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर शोधायचा.

या घोळाचे मूळ जागेच्या टंचाईत आहे. आठ बिटांच्या फॉन्टला फार तर २५६ खण. देवनागरीची सारी जोडाक्षरे त्यांत मावेनात, म्हणून अक्षरांचे तुकडे करून ते रोमनच्या खणांत बसवले. कृतिदेवने टाइपरायटरची मांडणी उचलली, श्रीलिपीने आपली निराळी. 'इस्की' हे भारतीय लिप्यांच्या संकेतांचे सरकारी प्रमाण आणि युनिकोडची पहिली आवृत्ती, दोन्ही १९९१ चीच. पण छापखान्याला कागदावर अक्षर नीट उमटल्याशी मतलब.

'विदर्भ' घ्या. कृतिदेवमध्ये आधी वेलांटी, मग व, द, भ आणि शेवटी रफार: हात जसा चालतो तसे. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम. म्हणून वेलांटी व-च्या नंतर न्यायची आणि रफार भ-च्या आधी आणायचा. शिवाय भ हाच मुळी दोन तुकड्यांचा. त्यातला दंड म्हणजे 'गजानन'मधला काना! म्हणून जोड्या आधी ओळखायच्या, सुटे तुकडे नंतर.

न जुळणाऱ्या दोन गोष्टी जोडण्याचा हा प्रश्न सॉफ्टवेअरमध्ये इतरत्रही येतो. सॉफ्टवेअरचे तयार भाग कारखान्यातल्यासारखे मिळावेत, ही मागणी संगणकतज्ज्ञ डग्लस मॅकइलरॉय यांनी १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिश इथल्या सॉफ्टवेअर परिषदेत केली होती. न जुळणाऱ्या दोन भागांमधला दुवा आपोआप कसा रचावा, हे येलिन आणि स्ट्रॉम या संशोधकांनी १९९७ मध्ये मांडले. त्यासाठी दोन्ही भागांनी आपली बोलण्याची रीत आधी नेमकी लिहून द्यायची. आपल्या फॉन्टांबरोबर असला कागद कुठला यायला! एकेक खण डोळ्यांनी पाहून तक्ते करावे लागले. माझ्या मते खरे कष्ट तेच, प्रोग्रॅम त्यामानाने किरकोळ.

तरी एक अडचण राहतेच. साध्या मजकुरात फॉन्टचे नाव उरत नाही. पत्रिकेत 'हॉल' हा शब्द रोमन मोठ्या अक्षरांत असला, तर कन्व्हर्टर त्याचे 'भ्।स्स्' करून मोकळा होतो. तेवढ्या ओळी आधी हाताने बाजूला काढाव्या लागतात.