भाकिताची कसोटी : एक तळटीप
* ग्रंथकाराने येथे फिलिपाईन्समधील पिनातुबो ज्वालामुखीचा दाखला दिला आहे तो यथार्थच. १५ जून १९९१ च्या महास्फोटापूर्वी भूकंपांच्या व गंधकवायूच्या नोंदींवरून इशारे क्रमाने चढवीत हजारो रहिवासी वेळीच हलविण्यात आले. परंतु केवळ साधलेल्या भाकितांवरून ज्वालामुखीच्या भाकितशास्त्राची परीक्षा करणे म्हणजे फक्त जमेची बाजू वाचून खातेवही मंजूर करणे होय. मुदत व संभाव्यता आगाऊ दप्तरी नोंदवून, फुकट गेलेल्या इशाऱ्यांचीही झडती घ्यावयास हवी. १९७६ साली ग्वादलुप बेटावरील सूफ्रिएर ज्वालामुखी धुमसू लागल्यावर फ्रेंच अंमलदारांच्या हुकुमाने सत्तर हजारांवर रयत कित्येक महिने घरदार सोडून राहिली, आणि स्थलांतर अनावश्यक म्हणणारे शास्त्रज्ञ ताझिएफ व धोका मानणारे शास्त्रज्ञ आलेग्र यांचा वाद (शास्त्रज्ञांस न शोभेल इतका) विकोपास गेला असता, केवळ वाफेचे स्फोट होऊन पर्वत निवला. शिलारस वर आलाच नाही. —संपादक