कृष्णाकाठची द्राक्षे आणि तांबडे मद्य

अथणी तालुक्यातील तेलसंगच्या बाजूने तासगावच्या बाजारपेठेकडे बेदाण्याचा माल जातो, हे आमच्या निपाणी-बेळगावकडील वाचकांस सांगावयास नको. १९५६ साली मध्ये राज्यांची सीमा आली. बेदाण्याच्या सौद्यास ती फारशी आडवी आली नाही. युरोपात एखादे लहानसे खेडे केवळ आपल्या तांबड्या मद्यामुळे ख्याती पावते. मग ज्या खोऱ्यात इतकी द्राक्षे पिकतात, तेथे तसे एकही गाव का निपजले नाही? हे पेय आपले नव्हेच, असे काहीजण म्हणतात. ते आपले प्राचीनच आहे, असे दुसरे म्हणतात. आम्हांस दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात.

कौटिल्याने द्राक्षांच्या मद्याची दिलेली कापिशायन व हारहूरक ही नावे वायव्येकडील प्रदेशांवरून पडलेली आहेत, दख्खनची नव्हेत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर १९४५ च्या सुमारास मिळालेल्या रोमन कांस्यवस्तूंत पोसायडन या समुद्रदेवतेच्या मूर्तीबरोबर सुरईही आहे. पण सुरईवरून मळा सिद्ध होत नाही. इटलीचे मद्य त्या काळी भडोच बंदरात उतरत असे, ही पेरिप्लसकाराची साक्ष आहे. पुढे १६०४ च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग विजापुरास आला, तेव्हा तेथील बाजार मद्याने व विलासवस्तूंनी गजबजलेला त्याने पाहिला. अकबरासाठी तंबाखू नेला तोही याच गृहस्थाने, विजापुराहूनच! सातासमुद्रापलीकडून आलेला तो तंबाखू पुढे निपाणीची ओळख होऊन बसला. तेव्हा परकेपणा हे काही पीक न रुजण्याचे कारण नव्हे.

शिवाय द्राक्षांचा आंबवलेला तांबूस रस आपल्याकडे नव्हता असेही नाही. तो वैद्याच्या फडताळात होता. मनुकांचा काढा करावा, त्यात गूळ व धायटीची फुले घालावी, बरणीचे तोंड बांधून ती महिनाभर ठेवावी, म्हणजे द्राक्षारिष्ट सिद्ध होते. धायटी ही सह्याद्रीतील झुडूप. तिच्या तांबड्या फुलांबरोबर येणारे किण्व गोडीचे मद्यार्कात रूपांतर करते. लहानपणी अशक्तपणावर चमचाभर द्राक्षारिष्ट आम्हीही घेतले आहे, आणि ते मद्य आहे असे घरातील कडक सोवळ्याच्या आजीलाही कधी वाटले नाही. १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आला तेव्हा बेळगाव मुंबई राज्यातच होते. मद्यार्कयुक्त औषधांपुरती त्या कायद्याची बंधने सर्वोच्च न्यायालयाने १९५१ साली बलसारा खटल्यात अवैध ठरविली. औषध आणि व्यसन यांतील जो भेद आजी जाणत होती, तो न्यायासनासही मानावा लागला.

खरी अडचण सालीत आहे. बहुतेक द्राक्षांचा रस फिकाच असतो. मद्यास तांबडा रंग येतो तो काळ्या द्राक्षांच्या सालीतून. आमच्या खोऱ्याची भरभराट झाली ती हिरव्या, बिनबियांच्या थॉम्पसनवर, आणि तासगाव तालुक्यातील बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी त्यातूनच निवडलेल्या 'तास-ए-गणेश' या वाणावर. बेदाण्यास ती उत्तम, तांबड्या मद्यास निरुपयोगी. म्हणून २००१ साली महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखून पलूस येथे वाइन पार्क योजिले, आणि २००७ साली कर्नाटकानेही आपले वाइन धोरण काढले, तेव्हा कॅबर्ने, शिराझ या काळ्या जाती मुद्दाम लावाव्या लागल्या. ही द्राक्षे बारीक, बियांची, जाड सालीची. हातगाडीवर कोण घेणार? तयार होताच ती गाळली पाहिजेत. बेदाणा शीतगृहात भावाची वाट पाहू शकतो; शिराझच्या बागाईतदारास मात्र एकच दार. २००८ च्या मंदीनंतर ते दार अनेकांपुरते बंद झाले.

आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा माल त्या वर्षी करार असूनही कोणी उचलला नाही. त्यांनी वेली उपटल्या नाहीत. त्याच खुंटांवर त्यांनी थॉम्पसनची कलमे बांधली. पुढे मुलाच्या दाखल्यासाठी ते शाळेत आले, तेव्हा पिशवीतून मूठभर बेदाणे काढून त्यांनी आमच्या मेजावर ठेवले. बेदाणे हिरवे होते.