आळीपाळीची लढत आणि चालते घड्याळ



या व्यासपीठावरून लढायांचा इतिहास पुष्कळ वेळा सांगितला गेला आहे. आज मी ज्या लढायांविषयी बोलणार आहे, त्या आपल्या घरांतील मुले रोज लढत असतात आणि आपण त्यांच्याकडे लक्षही देत नाही. हातातील यंत्राच्या पडद्यावर एक काल्पनिक देश असतो. त्यात चित्रविचित्र प्राणी असतात. खेळणाऱ्याने ते मिळवावयाचे, वाढवावयाचे आणि दुसऱ्याच्या प्राण्यांशी झुंजवावयाचे. ‘पोकेमॉन’ हे त्यातील सर्वांत गाजलेले नाव. या झुंजी कोणत्या पद्धतीने व्हाव्यात यावर खेळणाऱ्यांत मोठे पक्ष पडले आहेत. एकाला आळीपाळीने चालणारी, थांबून विचार करू देणारी लढत हवी असते; दुसऱ्याला घड्याळ सतत चालू असलेली, धावपळीची लढत हवी असते.

मी फारसा शाळा शिकलेला माणूस नाही. कामगार संघटनेच्या कामात आयुष्य गेले, आणि त्या कामाने एक सवय लावली. कोणतीही व्यवस्था समोर आली की तिच्यातला करारनामा शोधावयाचा. काम किती, वेळ कोणाचा, हुकूम कोणाचा, तो न मानल्यास काय? या खेळांचा इतिहास मी याच नजरेने वाचला. माझे म्हणणे थोडक्यात असे की, लढतीची पद्धत म्हणजे खेळणारा, त्याचा प्राणी आणि यंत्र या तिघांतील करारनामा होय. त्याची मुख्य कलमे दोन : घड्याळ कोणाच्या हाती, आणि आज्ञापालन कोणत्या अटींवर.

पहिल्या कलमाचे मूळ आपल्याच देशात सापडते. ‘तू एक चाल कर, मग मी करीन’ हा नियम युद्धाच्या खेळाला दिला तो चतुरंगाने. चतुरंग इराणात गेला, अरबांकडे गेला आणि तेथून युरोपात पोचून आजचे बुद्धिबळ झाला. १७८० साली जर्मनीतील ब्रन्सविकच्या योहान हेल्विग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या आणि तोफखाना आणला. पुढे १८२४ मध्ये प्रशियाच्या राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्याने नकाशा, फासे आणि पंच यांवर चालणारा युद्धखेळ आपल्या सैन्यापुढे मांडला. या परंपरेतील युद्धखेळांतून १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद-पेन्सिलीचा खेळ निघाला. त्याची छाया १९८१ च्या ‘विझर्ड्री’ या संगणकीय खेळावर पडली. आणि ‘विझर्ड्री’चे संस्कार घेऊन जपानमध्ये युजी होरी यांनी १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ रचला. ज्याची बोटे चपळ नाहीत त्यालाही चिकाटीच्या जोरावर शेवट गाठता यावा, असा त्या रचनेचा रोख होता. राक्षस समोर उभा आहे; पण तुम्ही हुकूम देईपर्यंत तो हलत नाही. यंत्र माणसासाठी थांबते.

आता दुसरे कलम. १९८७ साली जपानमध्ये ‘डिजिटल डेव्हिल स्टोरी : मेगामी तेन्सेई’ हा खेळ निघाला. त्यात राक्षसांशी लढण्याऐवजी बोलणी करता येत. राक्षस पैसे मागे, वस्तू मागे. सौदा पटला तर तो तुमच्या बाजूला येई. एवढ्यावर भागत नसे. त्याला बोलावून बरोबर चालविले की ‘मॅग्नेटाइट’ नावाचा साठा पावलागणिक खर्च होई. प्राणी जमविण्याच्या खेळांचा आरंभ ज्यांत शोधला जातो, त्या अगदी सुरुवातीच्या खेळांपैकी हा एक. आणि त्यात वाटाघाटी आहेत व रोजमुराही आहे! कामगार चळवळीतल्या माणसाला हे वाचून गंमत वाटल्याशिवाय कशी राहील?

‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या चौथ्या भागात, १९९० साली, वेगळाच प्रयोग झाला. त्याच्या शेवटच्या प्रकरणात खेळणाऱ्याने फक्त नायकाला थेट हुकूम द्यावयाचा. सोबत्यांना केवळ धोरण सांगावयाचे, पुढचे ते आपल्या बुद्धीने ठरवीत. हे पुष्कळांना रुचले नाही. आपला सोबती आपल्या मनाप्रमाणे वागत नाही, ही तक्रार घराघरांत जुनीच आहे. १९९२ च्या पाचव्या भागात थेट हुकूम आणि धोरण असे दोन्ही मार्ग मोकळे ठेवले गेले. त्याच भागात, हरलेला राक्षस लढाईनंतर उठून उभा राही आणि सोबत येण्याची इच्छा दर्शवी. मात्र अंगी शहाणपण कमी असलेला राक्षस दिलेला हुकूम नेहमीच पाळील, याची खात्री नसे.

या पार्श्वभूमीवर २७ फेब्रुवारी १९९६ रोजी ‘पोकेमॉन’चे तांबडा आणि हिरवा असे पहिले दोन भाग जपानमध्ये विक्रीस आले. त्यांचे जनक सातोशी ताजिरी यांना लहानपणी किडे गोळा करण्याचा नाद होता. दोन ‘गेम बॉय’ यंत्रे तारेने जोडता येतात हे पाहून त्या तारेवरून किडे इकडून तिकडे जात असल्याची कल्पना त्यांना सुचली, असे त्यांनी सांगितले आहे. एकंदर १५१ जाती, बरोबर नेता येतील असे सहा प्राणी, आणि प्रत्येकाला चार डावपेच. पाणी अग्नीवर भारी, अग्नी वनस्पतीवर, वनस्पती पाण्यावर. अशी वर्गवारी तेव्हा १५ प्रकारांची होती, ती आता १८ झाली आहे.

या लढतीची घडण नीट समजून घेण्यासारखी आहे. ती बुद्धिबळाप्रमाणे एकाआड एक चालत नाही. दोघेही आपापली चाल गुप्तपणे ठरवितात आणि मग दोन्ही एकदम उघड होतात. कोणाची आधी घडावयाची ते सामान्यतः प्राण्याच्या वेगावर ठरते. येथे मोजला जातो तो प्राण्याचा वेग. खेळणाऱ्याच्या बोटांचा वेग हिशेबात धरलाच जात नाही. प्राणी बदलावयाचा तर एक पाळी खर्ची पडते. म्हणून समोरचा काय करील याचा अंदाज बांधणे हेच या लढतीचे मर्म ठरते. आठ वर्षांचा मुलगा आणि साठ वर्षांचा आजोबा या पटावर बरोबरीने बसू शकतात. शिवाय ‘गेम बॉय’ चार लहान सेलवर चालणारे, खिशात मावणारे यंत्र. आगगाडीत स्टेशन आले, आईने हाक मारली, तरी लढत आहे तेथे थांबून राही.

आज्ञापालनाचे कलमही यात आहे. दुसऱ्याकडून अदलाबदलीत घेतलेला प्राणी फार बलवान असेल आणि तुमच्यापाशी पुरेशी मानचिन्हे नसतील, तर तो भर लढाईत तुमचा हुकूम धुडकावतो. अधिकार केवळ ताब्याने मिळत नाही, तो कमवावा लागतो, हे मुलांना याहून सोप्या रीतीने क्वचितच कोणी शिकविले असेल.

आळीपाळीच्या लढतीतही पुढे पोटभेद झाले. २००२ साली दोन विरुद्ध दोन अशी दुहेरी लढत आली. तेव्हापासून एकेरीवाले आणि दुहेरीवाले असे दोन संप्रदाय आहेत. सहाच्या सहा प्राणी घेऊन एकेरी लढणारे हौशी लोक दीर्घ डावपेचांचे भोक्ते असतात. २००९ पासून भरू लागलेल्या अधिकृत जागतिक स्पर्धांनी दुहेरी पद्धत स्वीकारली. तेथे एक सोबती दुसऱ्याचे रक्षण करतो, तर कधी एकाच्या माऱ्यात दुसराही सापडतो. त्यामुळे जोडीची जुळणी महत्त्वाची ठरते. मात्र या स्पर्धांत प्रत्येक पाळीला मोजका वेळ असतो. म्हणजे आळीपाळीच्या घरातही घड्याळ शिरले आहे. परंतु ते दोघांनाही सारखेच लागू आहे.

चालत्या घड्याळाची पद्धत ही काही कालची नाही. १९९१ च्या ‘फायनल फँटसी’च्या चौथ्या भागात हिरोयुकी इतो यांनी अशी योजना केली की, तुम्ही विचार करीत असतानाही शत्रूचा वेळ भरत राहावा. या मालिकेच्या पुढील भागांत मात्र यादीतून चाल निवडताना घड्याळ थांबवावे की चालू ठेवावे, हा पर्याय खेळणाऱ्याला मिळाला. या पर्यायाकडे मी पुन्हा येणार आहे.

१९९७ साली टेक्मो कंपनीचा ‘मॉन्स्टर रँचर’ आला. कोणतीही गाण्याची तबकडी यंत्रात घालावी आणि तिच्यातून एक प्राणी जन्मावा, अशी त्याची करामत. त्यातील झुंज ६० सेकंदांची. घड्याळ पळत असते, आणि प्राणी बिघडलेला असला तर तो हुकूम ऐकत नाही. पण मला त्याहून महत्त्वाचे वाटते ते हे की, या मालिकेत प्राण्याला सतत राबविले आणि विश्रांती दिली नाही, तर त्याचे आयुष्य कमी होते. १९९९ च्या ‘डिजिमॉन वर्ल्ड’मध्ये प्राणी आपणहून लढतो; खेळणारा बाजूला उभा राहून ओरडतो, आणि प्राण्याची बुद्धी वाढेल तसे अधिक हुकूम देता येतात. एकीकडे घड्याळ मोकाट सुटले, तर दुसरीकडे प्राण्याला मन आले, थकवा आला, म्हातारपण आले.

२०१६ साली ‘पोकेमॉन गो’ने लढत टेलिफोनच्या काचेवर आणली. तीत बोट जितके भराभर आपटेल तितका मारा. त्याच वर्षी डिसेंबरात तो भारतातही रीतसर आला आणि आपल्या शहरांतील तरुण फोनकडे पाहत रस्त्यांतून हिंडू लागले. २०२२ च्या ‘लेजेंड्स : आर्सेअस’ने आळीपाळी ठेवली, पण तीत चपळ आणि जोरकस अशा दोन शैली घातल्या. चपळ मारा हलका, परंतु पुढची पाळी लवकर आणणारा. जोरकस मारा भारी, परंतु पाळी लांबविणारा. जानेवारी २०२४ मध्ये तोक्योच्या पॉकेटपेअर कंपनीचा ‘पालवर्ल्ड’ आला. त्यात खेळणारा स्वतः बंदूक घेऊन धावतो आणि प्राणी लढण्याबरोबरच कारखान्यातही राबतात. अति राबविले तर आजारी पडतात. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ‘लेजेंड्स : झेड-ए’ या भागात ‘पोकेमॉन’च्या मुख्य कर्त्यांनी प्रथमच आळीपाळी सोडून चालत्या घड्याळाची लढत दिली. डावपेच तेच चार. पण एकदा वापरलेला डाव पुन्हा सज्ज होईपर्यंत थांबावे लागते, आणि शत्रूचा तडाखा खेळणाऱ्यालाही बसू शकतो.

हे पाहून काही जण म्हणतात, आळीपाळी ही दुबळ्या यंत्रांच्या काळातील तडजोड होती; आता यंत्रे बलवान झाली, तिचे काम संपले. हा युक्तिवाद मला ओळखीचा आहे. वेग वाढविता येतो म्हणून तो वाढविलाच पाहिजे, हे वाक्य मी वाटाघाटींच्या टेबलावर अनेकदा ऐकले आहे.

आमच्या संघटनेच्या कचेरीत येणारा एक तरुण घरोघर माल पोचवितो. दिवसभर फोनवरचे घड्याळ त्याच्या मागे लागलेले असते. रात्री तो जुन्या पद्धतीचा ‘पोकेमॉन’ खेळतो. मी कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, “काका, हा खेळ माझी वाट बघतो.” दुसरा एक तरुण एका इमारतीच्या फाटकावर बारा तास पहारा करतो. त्याला धावपळीचीच लढत आवडते. “दिवसभर नुसता बसून असतो, मग हातापायांना काही नको का?” असे तो म्हणाला. या दोघांत चूक कोण? कोणीच नाही. दिवसाने ज्याच्यापासून जे हिरावले, ते तो रात्री खेळात शोधतो. आवडीनिवडी आकाशातून पडत नाहीत. पुष्कळदा त्या कामाच्या तासांतून उगवतात.

म्हणून कोणती पद्धत श्रेष्ठ, असा निवाडा मी देत नाही. चालत्या घड्याळात अंगचापल्याचा आनंद आहे आणि तो खोटा नाही. परंतु आळीपाळीला मागासलेली म्हणून मोडीत काढू पाहणाऱ्यांना मला एवढेच विचारावयाचे आहे की, ज्याची बोटे आजाराने आखडली, ज्याला घरकामातून मधूनच उठावे लागते, ज्याचे डोळे मंदावले, त्याने कोठे खेळावयाचे? चतुरंगापासून चालत आलेल्या या नियमाने दुबळ्या हाताला पटावर बरोबरीची जागा दिली. ती जागा घालवून मिळणाऱ्या वेगाची किंमत कोण देणार, हे आधी ठरले पाहिजे. ‘घड्याळ थांबवावे की चालू ठेवावे’ हा पर्याय मला मोलाचा वाटतो तो याचसाठी. तो जुन्या, लहान यंत्रांवर देता आला. मग आजच्या बलाढ्य यंत्रांवर का देता येऊ नये?

श्रोतेहो, घरी मूल खेळत बसलेले दिसले तर रागावण्यापूर्वी त्याच्याजवळ क्षणभर बसा. तुझी लढत कशी चालते, थांबता येते का, तुझा प्राणी थकतो का, थकला तर तू काय करतोस, असे त्याला विचारा. त्याच्या उत्तरांतून खेळाबद्दल कळेलच. शिवाय हुकूम देण्याबद्दल आणि वेळेबद्दल ते काय शिकत आहे, हेही कळेल. पुढे कोणी सांगावे, त्याच मुलाच्या हाती एखाद्या कारखान्याचे घड्याळ येईल, किंवा त्या घड्याळाखाली ते उभे राहील.