बंदुकीच्या नळीतील धातुविलेपन

बंदूक वा तोफेच्या पोलादी नळीच्या आतील पृष्ठभागावर झिजेपासून संरक्षणासाठी चढविलेला धातूचा पातळ थर. बार उडताना नळीत निर्माण होणारे वायू अतितप्त असतात. उष्णता, दाब, घर्षण आणि वायूंची रासायनिक क्रिया यांमुळे नळीच्या आतील सर्पिल खाचा म्हणजे आटे झिजतात. झीज बहुधा दारूच्या कोठीला लागून, आटे सुरू होतात तेथे सर्वांत जास्त होते. आटे झिजले की नेमही बिघडतो.

सर्वाधिक प्रचलित थर कठीण क्रोमियमचा. क्रोमिक आम्ल व अल्प गंधकाम्ल यांच्या द्रावणात नळीच्या मध्यभागी धनाग्र ठेवून विद्युत् विलेपन करतात. क्रोमियमचा वितळबिंदू १९०७° से., म्हणजे पोलादाहून बराच वर. मात्र थरात केसासारख्या सूक्ष्म भेगा मुळातच असतात. त्यांतून वायू पोलादापर्यंत झिरपतात आणि थराचे पापुद्रे सुटतात. या पद्धतीची खरी मर्यादा हीच. शिवाय द्रावणातील षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक असल्याने सांडपाण्यावर प्रक्रिया अटळ ठरते. पर्याय म्हणून सुमारे ३०००° से. ला वितळणाऱ्या टँटलमवर संशोधन झाले आहे.

जपानच्या टाइप ९९ रायफलीत (१९३९) क्रोमियमचे अस्तर होते. पुढे एके-४७ मुळे ते सर्वपरिचित झाले. महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुण्यात पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन व विकास आस्थापनेने (स्थापना १९५८) विकसित केलेली ५·५६ मिमी. इन्सास रायफल. तिच्या नळीला आतून क्रोमियमचा मुलामा असतो.