वलूरक-संघांतील अधिकाऱ्यांची निवड

भुशीच्या तळ्याखालून निघालेली इंद्रायणी लोणावळ्याजवळून पूर्वेस वळली म्हणजे थोड्याच अंतरावर तिच्या खोऱ्याच्या उत्तर बाजूस कार्ल्याचीं आणि दक्षिण बाजूस भाजें व बेडसें येथील लेणीं लागतात. या लेण्यांच्या शिल्पाविषयीं व दात्यांविषयीं पुष्कळ लिहिलें गेलें आहे. परंतु त्यांत राहणाऱ्या समूहाचा रोजचा कारभार कोण पाही, आणि पाहणाऱ्यास कोण नेमी, या प्रश्नाकडे फारसें लक्ष गेलेलें नाहीं. प्रस्तुत लेखांत तेवढ्याच प्रश्नाचा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रश्न जुना असला तरी आजच्या व्यवहाराशीं त्याचा संबंध आहे. ग्रंथसंग्रहालयें, संशोधनमंडळें, माजी विद्यार्थ्यांचे संघ अशा संस्था आपल्याकडे ठिकठिकाणीं आहेत. जपानांत विद्या संपादून परतलेल्यांचेही संघ आहेत. त्यांचे अध्यक्ष, चिटणीस व खजिनदार विनावेतन काम करतात आणि सभासद त्यांस ठराविक मुदतीनें निवडतात. ही चाल केवळ इंग्रजी अमलाबरोबर आली असें पुष्कळांस वाटतें. उलट पक्षीं, काशीप्रसाद जायसवाल यांचा ‘हिंदु पॉलिटी’ हा ग्रंथ इ. स. १९२४ त प्रसिद्ध झाल्यानंतर प्राचीन गणसंघांच्या मतदानाची चर्चा वाढली, आणि बौद्ध संघांत शलाका वाटून बहुमतानें अधिकारी निवडीत, अशीही समजूत आढळूं लागली. आमच्या मतें पहिली समजूत अपुरी आहे व दुसरी चुकीची आहे.

प्रथम शिलालेख काय सांगतात तें पाहूं. कार्ल्याचें प्राचीन नांव वलूरक. क्षहरात नहपानाचा जांवई उषवदात यानें वलूरक लेण्यांत वर्षावास करणाऱ्या चारी दिशांच्या प्रव्रजितांच्या निर्वाहासाठीं करजिक हा गांव दिला, असें तेथील एका लेखांत आहे. दुसरा लेख सातवाहनांची राजाज्ञा आहे. त्यांतील राजाचें नांव तुटलें आहे. तथापि संदर्भावरून ती आज्ञा गौतमीपुत्र सातकर्णीची मानण्यांत येते. तींत मामलाहारांतील करजक गांव वलूरक लेण्यांत राहणाऱ्या महासांघिक भिक्षूंस दिल्याचें नमूद आहे. ‘मामल’ हेंच आपलें मावळ. तिसरा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या २४ व्या वर्षाचा असून अबुलामा येथील हरफरण या उपासकानें नऊ खोल्यांचा मंडप महासांघिकांच्या स्वाधीन केल्याचें तो सांगतो.

राजाज्ञेंत गांवाबरोबर दिलेल्या सवलती ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. त्या गांवांत राजपुरुषांनीं शिरावयाचें नाहीं, त्यास हात लावावयाचा नाहीं, तेथें मिठासाठीं खणावयाचें नाहीं. राजाचा माणूस बाहेर राहिला, तर गांवचें उत्पन्न आल्यावर तें साठविणें, वांटणें व त्याचा हिशेब ठेवणें हें काम संघाच्याच अंगावर पडलें. पावसाळ्याचे तीन महिने दूरदूरचे भिक्षु एकत्र येत. त्यांस खोल्या, चीवरें व अन्न क्रमानें मिळावयाचें तर अधिकारी असलेच पाहिजेत. कार्ल्याचे लेख अशा अधिकाऱ्यांचीं नांवें सांगत नाहींत, म्हणून हें आमचें अनुमान आहे. परंतु बांधकामावर देखरेख करणाऱ्या ‘नवकर्मिक’ या पदाचा उल्लेख कान्हेरीच्या चैत्यगृहाच्या लेखांत येतो, त्यावरून या अनुमानास बळकटी मिळते.

हा समूह कोणत्या नात्यानें बांधलेला होता, हेंही याच खोऱ्यांत दिसतें. बेडसें येथील एका लहान स्तूपावर लेख आहे. गोभूति नांवाच्या अरण्यवासी, भिक्षान्नावर राहणाऱ्या स्थविराचा तो स्तूप असून त्याच्या अंतेवासीनें, म्हणजे शिष्यानें, तो करविला. भाजें येथेंही अंपिकिणक, धम्मगिरि, संघदिन या स्थविरांचे स्तूप आहेत. गुरूपाशीं राहून शिकलेल्यांनीं गुरूचें स्मरण दगडांत ठेवावें, आणि त्याच शिष्यपरंपरेनें पुढें संघ चालवावा, अशी ही बांधणी आहे. संघांत वडीलपण वयावरून किंवा कुळावरून ठरत नसे. उपसंपदा घेऊन किती वर्षावास झाले यावरून ठरे. माजी विद्यार्थ्यांच्या संघांत अमुक सालचा विद्यार्थी अशी ओळख सांगतात, तिच्याशीं याचें साम्य सहज ध्यानांत येईल.

आतां नियमांकडे वळूं. महासांघिकांचा संपूर्ण विनयग्रंथ भारतांत उरला नाहीं. चिनी यात्रेकरू फाहियान यास त्याची पोथी पाटलिपुत्रास मिळाली. ती त्यानें स्वदेशीं नेली आणि बुद्धभद्र या भारतीय भिक्षूच्या साहाय्यानें इ. स. ४१६ ते ४१८ या काळांत तिचें चिनी भाषांतर झालें. संपूर्ण ग्रंथ आज त्याच भाषांतरांत शिल्लक आहे. ताकाकुसु व वातानाबे या पंडितांनीं इ. स. १९२४ पासून तोकियो येथें छापून काढलेल्या ‘ताइशो’ त्रिपिटकांत तो २२ व्या खंडांत, १४२५ या क्रमांकानें सांपडतो. म्हणजे मावळांतील संघाची घटना वाचावयाची तर आज जपानी मुद्रणाचा आश्रय करावा लागतो. पाली विनय दुसऱ्या परंपरेचा आहे. पण प्रस्तुत विषयांत दोहोंचा मूळ प्रसंग एकच आहे, म्हणून त्याचीही जोड घेतां येते.

तो प्रसंग दब्ब मल्लपुत्त या भिक्षूचा होय. तो लहान वयांतच अर्हत झाला होता. स्वतःचें साधावयाचें उरलें नाहीं, तर संघाची कांहीं सेवा करावी, असें त्याच्या मनांत आलें आणि निवासांची व भोजनाच्या निमंत्रणांची वांटणी करण्याची त्यानें तयारी दर्शविली. येथें लक्षांत घेण्याची गोष्ट अशी कीं, स्वतः बुद्धानें ही सेवा पसंत केली तरी नुसत्या त्याच्या पसंतीनें नेमणूक झाली नाहीं. प्रथम दब्बास विचारून त्याची संमति घ्यावी. मग समर्थ भिक्षूनें संघापुढें सूचना मांडावी. मग ठराव उच्चारून, ज्यांस मान्य असेल त्यांनीं स्तब्ध रहावें व ज्यांस मान्य नसेल त्यांनीं बोलावें असें सांगावें. सर्व स्तब्ध राहिले म्हणजे नेमणूक झाली. सीमेंतील आजारी भिक्षु येऊं शकत नसेल तर त्याची संमति दुसऱ्याकरवीं आणवीत. महासांघिक ग्रंथांत दब्बाकडे नऊ कामें सोंपविल्याचें आहे. आसनें, निमंत्रणें, खोल्या, वस्त्रें, फुलें व सुगंधी द्रव्यें, फळें, ऊन पाणी, खाद्यें यांचा त्यांत समावेश होतो.

पाली चुल्लवग्गांत पुढें एकेक काम निराळें होऊन पदांची यादी वाढते. भांडागारिक, चीवरें वांटणारा, पेज वांटणारा, फळें वांटणारा, सुई-कात्रीसारखे किरकोळ जिन्नस देणारा, आरामांतील सेवकांस कामास लावणारा, असे अनेक अधिकारी येतात. प्रत्येकाच्या अंगीं पांच गुण हवेत. त्यांपैकीं चार सर्वांस समान आहेत: आवड, द्वेष, मोह व भय यांच्या वश न होणें. पांचवा त्या त्या कामाचें ज्ञान, उदाहरणार्थ, काय वांटलें व काय वांटावयाचें राहिलें हें ठाऊक असणें. विद्वत्ता किंवा वडीलपण या यादींत नाहीं, हें विशेष होय.

इतक्या काळजीनें नेमलेल्या अधिकाऱ्यावरही बालंट आलेंच. दब्ब राहणाऱ्यांची आवड ओळखून सूत्रपाठकांस सूत्रपाठकांजवळ, विनयधरांस विनयधरांजवळ व ध्यानी भिक्षूंस ध्यानी भिक्षूंजवळ जागा देई. कित्येक जण मुद्दाम अपरात्रीं येऊन दूरची जागा मागत, तरी तो त्यांस तेथवर पोंचवी. परंतु मेत्तिय व भुम्मजक यांच्या टोळीस एका गृहस्थाच्या घरीं दाराबाहेर बसवून कण्यांचा भात व आंबट कढी वाढण्यांत आली. वाढपाचा हा प्रकार त्या गृहस्थाचा. पण यांनीं दब्बावर पक्षपाताचा ठपका ठेविला व पुढें एका भिक्षुणीकडून त्याच्यावर खोटा आरोप करविला. संघानें चौकशी करून दब्बास निर्दोष ठरविलें. रीतसर नेमलेल्या अधिकाऱ्याची उगीच निंदा करणें हा दोष गणला गेला, तो या प्रकरणामुळेंच.

मग शलाका कोठें येतात? संघांत वाद पडून तो इतर उपायांनीं मिटेना म्हणजे बहुमताचा मार्ग होता. त्यासाठीं शलाका वांटणारा अधिकारी नेमीत, आणि तोही पूर्वोक्त रीतीनें, सर्वांच्या मौनसंमतीनेंच नेमला जाई. शलाका गुप्तपणें, कानांत सांगून, किंवा उघड अशा तीन तऱ्हांनीं घेत. गुप्त पद्धतींत दोन रंगांच्या काड्या असत. मात्र अधर्मपक्षाचें बहुमत झालेलें दिसलें तर घेणें बरोबर झालें नाहीं असें सांगून तें रद्द करण्याची मुभा त्या अधिकाऱ्यास होती. आधुनिक मतपेटीशीं याची तुलना करणाऱ्यांनीं ही गोष्ट सहसा सांगितलेली नसते. सारांश, बहुमत वादासाठीं होतें. अधिकारपदासाठीं सर्वांची संमति लागे. ज्याच्या हातीं सर्वांचें अन्न जावयाचें त्याजवर निम्म्याहून थोड्या अधिक लोकांचा विश्वास पुरेसा नाहीं, असें नियमकारांस वाटलें असावें.

हे नियम पूर्वेकडे गेल्यावर त्यांचें रूप पालटलें. जपानांत इ. स. ६२४ त एका भिक्षूनें आपल्या आज्यावर कुऱ्हाड चालविली. तेव्हां सम्राज्ञी सुइको हिनें सर्व भिक्षूंवर देखरेखीसाठीं अधिकारी नेमले आणि कोरियांतील पैक्चे राज्यांतून आलेला कान्रोकु हा पहिला मुख्याधिकारी झाला. म्हणजे तेथें पद संघांतून न निघतां दरबारांतून आलें. पुढें आठव्या शतकांत झालेल्या भिक्षु-भिक्षुणींच्या कायद्यांत मात्र भिक्षूंच्या शिफारसीस जागा मिळाली. ज्याच्या सदाचारामुळें अनुयायी त्यास मानतात अशाचेंच नांव सुचवावें, सुचविणाऱ्या सर्वांनीं सह्या करून पत्र सरकारांत पाठवावें, आणि तट बांधून नालायकास पुढें केल्यास शंभर दिवस सक्तीचें काम भोगावें, असें तें कलम आहे. एकदां नेमलेला अधिकारी उगीच बदलूं नये, हेंही त्यांत आहे. मौनाची जागा सहीनें व संघाची जागा सरकारानें घेतली. गटबाजीची धास्ती मात्र दोन्हीकडे सारखीच राहिली.

शब्दांत जुनें नातें टिकून आहे. जपानी मठांतील तीन अधिकाऱ्यांपैकीं एकास ‘त्सुइना’ म्हणतात. त्यांतील शेवटचें ‘ना’ हें अक्षर संस्कृत ‘कर्मदान’ या शब्दाच्या अखेरचें आहे. बाकीचा भाग चिनी. कर्मदान म्हणजे संघाचीं कामें लावून देणारा. सातव्या शतकाच्या उत्तरार्धांत भारतांत राहिलेला इत्सिंग ताम्रलिप्तीच्या विहाराविषयीं लिहितो कीं, सर्व कामें सभेच्या विचारानें चालत. सभेस न पुसतां स्वतःच्या मर्जीनें कोणी निर्णय केला तर त्यास ‘कुलपति’, म्हणजे घरधनी, ठरवून काढून टाकीत. संस्थेस आपलें घर समजणें हाच तेथें मोठा अपराध होता.

एवढ्यावरून वलूरकास आजच्यासारख्या निवडणुका होत असें म्हणतां येणार नाहीं. मुदत, उमेदवार, मतपत्रिका यांपैकीं तेथें कांहीं नाहीं. परंतु स्वेच्छेनें सेवा पत्करणारा माणूस, त्याची आधीं घेतलेली संमति, सभेपुढें मांडलेला ठराव, हरकतीस दिलेला अवसर, आणि निवडलेल्याचें निंदेपासून रक्षण, हीं पांच अंगें त्यांच्या नियमांत स्पष्ट आहेत. आपल्या मंडळांच्या घटनांत पहिलीं चार बहुधा असतात; पांचव्याची आठवण क्वचित् राहते.

संग्राहकांस एक विनंति करून हा लेख पुरा करतों. महासांघिकांची पोथी फाहियानानें उतरून नेली नसती तर करजक गांवाचा दानलेख आपणांस वाचतां आला असता, पण गांव घेणाऱ्या संघाचा कारभार समजला नसता. दाता आपलें नांव दगडावर कोरवितो; वांटणी करणाऱ्याचें नांव कागदावरच राहतें. मावळांतील व इतर गांवांतील जुन्या मंडळांचीं, शाळांचीं व विद्यार्थिसंघांचीं सभावृत्तें, सभासदांच्या याद्या व निवडणुकीचे कागद रद्दींत जाण्यापूर्वीं ताम्रपटांच्या व बखरींच्या शेजारीं दप्तरांत बांधून ठेवावे. विनावेतन काम करणाऱ्यांचा इतिहास लिहावयाचा झाल्यास त्यावांचून दुसरें साधन मिळणार नाहीं.